ओ न दिलेली हाक

१

मिरजेला आमचं घर हाकांवर चालायचं. आई हायस्कुलात शिकवायची. खच्चून भरलेले वर्ग, वर खडखडणारा पंखा, शेजारी पिठाची गिरणी. या सगळ्यावर मात करायची तर गळा तसाच लागतो. घरीही तोच गळा. स्वयंपाकघरातून ‘नयनाऽ’ अशी हाक आली, की मी माडीवर असो नाहीतर परसात, आधी ‘ओ’ म्हणायचं आणि मग काय ते विचारायचं. ओ आली नाही तर आई चिडायची नाही. पण हातातला डाव तसाच धरून थांबून राहायची.

ती आई टोकियोतल्या ओजिमाला आमच्याकडे राहायला आली, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी जमीन हलली. इथे असे धक्के रोजचेच. माझा नवरा सुशील दाढी करत राहिला. मी टांगत्या दिव्याकडे एकदा बघितलं आणि लेकीचा, अश्लेषाचा, शाळेचा डबा भरत राहिले. २०११चा मोठा भूकंप होऊन पाच वर्षं उलटली होती. आम्ही त्यानंतरच जपानात आलो, तरी दाराशी पाणी नि बॅटरी भरलेली पिशवी, भिंतीला पट्ट्यांनी जखडलेली कपाटं हे सगळं आमच्या अंगवळणी पडलं होतं. आईच्या पडलं नव्हतं. तिला किल्लारी आठवलं. ती अनवाणी बाहेर पळाली आणि ‘उठा, बाहेर या, भूकंप’ असं ओरडत मजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दारं ठोकत गेली. अर्थात शुद्ध मराठीत.

खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचं घर त्या भूकंपात वाहून गेल्यावर मुलाकडे येऊन राहिलेल्या. आईचा आवाज ऐकून त्या जिन्यात जाऊन बसल्या आणि दिवसभर घरात परत जाईनात. संध्याकाळी इमारतीचा व्यवस्थापक आला. तो रागावला असता तर परवडलं असतं. तो कमरेत वाकून, अगदी गोड आवाजात, स्वतःच माफी मागत बोलला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मिठाईचा खोका घेऊन दारोदार माफी मागत फिरले.

“मी त्यांना वाचवायला गेले होते गं,” आई म्हणाली.

“माहीत आहे. पण इथे असं ओरडत नाहीत.”

मग घरात नियम झाला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारायची नाही, जवळ येऊन हळू बोलायचं. आई विसरून हाक मारायची तेव्हा मी ओ द्यायचं बंद केलं. दाराशी यायचं आणि ओठांवर बोट ठेवायचं, एवढंच. पाहून पाहून अश्लेषाही तेच करायला लागली.

“बरं बाई,” आई म्हणाली. त्यानंतर ती खिडकीपाशी बसून राहायला लागली. सुशीलच्या ते लक्षात आलं. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने कानाझावाला शनिवार-रविवार राहायचं ठरवलं. जुनं शहर, बागा, देवळं, निवांतपणा.

“आईंना जरा मोकळं वाटेल,” तो म्हणाला. मोकळं वाटू न देणारी कोण होती ते त्याने सांगितलं नाही. तो भला माणूस आहे.

२

शिनकानसेन गाडीत आई खुशीत होती. डोंगर दिसायला लागल्यावर तिने पिशवीतून फोन काढला आणि विभामावशीला व्हिडिओ कॉल लावला.

“विभे, बघ काय दिसतंय ते. अगं, असं फोनच्या जवळ तोंड आणू नकोस, नुसतं नाक दिसतंय.”

सगळा डबा गप्प होता. पुढच्या रांगेतल्या माणसाने मान वळवली नाही. तो फक्त उठला, कोट उचलला आणि मागे जाऊन बसला. मी आईच्या हातातून फोन काढून घेतला. हळूच नाही, ओढून. विभामावशीचं नाक पडद्यावर तसंच होतं.

“आई, किती वेळा सांगायचं.”

“मिन्ना मितेरु,” अश्लेषा खिडकीकडे बघत पुटपुटली. सगळे बघतायत, म्हणजे. तिला आजीच्या शेजारी बसायला लाज वाटत होती. ही लाज तिला मीच दिलेली, घरचं वळण म्हणून.

आईने हात मांडीवर ठेवले आणि कानाझावा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

घर जुन्या व्यापारी आळीत होतं. समोरून अरुंद आणि आत खोलच खोल. पुढे एक बैठकीची खोली, मधे तुळशीवृंदावन मावेल एवढा उघडा चौक, त्याच्या पलीकडे मागची खोली, सगळ्यांना सरकती कागदी दारं. मालकीणबाई तानिगुची-सान पलीकडच्याच घरात राहायच्या. त्यांनी सगळं दाखवलं. शेवटी दोन्ही हात जोडून म्हणाल्या की दोन्ही बाजूंची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, तेव्हा आवाजाचं तेवढं सांभाळा.

“हो, हो,” मी घाईघाईने म्हणाले आणि आईकडे पाहिलं. जपानी कळत नसूनही तिने मान खाली घातली.

जिना फारच उभा होता. आईच्या गुडघ्यांना तो जमणं शक्य नव्हतं. ती आणि अश्लेषा मागच्या खोलीत, मी आणि सुशील वर, असं ठरलं.

३

मी वर कपडे टांगत होते तेव्हा खालून हाक आली.

“नयनाऽ.”

मिरजेची हाक. शेवटचा ‘ना’ लांबवलेला, वर चढवलेला. ओ ओठांवर आलीच होती, पण भिंतीपलीकडे कुणीतरी खिडकी सरकवली आणि माझं पित्त खवळलं. मी दडदड जिना उतरले, चौक ओलांडला. मागच्या खोलीबाहेरच्या लाकडी पडवीत आई नि अश्लेषा पत्ते खेळत बसल्या होत्या. मी ओठांवर बोट ठेवलं.

“काय झालं?” आईने विचारलं.

“हाक मारलीस ना आत्ता. एवढ्या मोठ्याने.”

“मी? मी कशाला मारू? तूच बंदी घातलीस.”

“आजी नानिमो इत्तेनाइ,” अश्लेषा म्हणाली. आजी काहीच बोलली नाही म्हणे.

दोघी मिळून मला बनवत असतील असं वाटून मी आणखी चिडले. “खेळ चाललाय का? त्या बाईंनी आत्ताच सांगितलं ना?”

आई माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “नाही गं मारली.” तो आवाज मुद्दाम बारीक केलेला वाटला मला. मनात आलं, नाटकं करते. आईविषयी आपण असा विचार करतो आहोत हे लक्षात आलं, तरी तो मी थांबवला नाही.

४

दुपारी केनरोकुएन बाग पाहिली. बर्फाने मोडू नयेत म्हणून पाइनच्या फांद्या दोरांनी वर बांधून ठेवल्या होत्या. आईने ते बराच वेळ पाहिलं. एरवी तिने माळ्याला मराठीतून चार प्रश्न विचारले असते आणि त्याने जपानीतून उत्तरंही दिली असती, असे तिचे संवाद मी पाहिले आहेत. आज ती नुसती हसत होती. चहाच्या दुकानात कुणी वळून बघितलं नाही. कुणी उठून दुसरीकडे बसलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. शेवटी आई शिकली, असं वाटलं.

दिवस कलताना परत आलो. पाऊस भुरभुरत होता. सुशील कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातून दूध घ्यायला थांबला. आम्ही तिघी आत शिरलो. आई उंबऱ्यावर बसून बूट काढत होती, मी छत्र्या झटकत होते.

“अश्लेषाऽ, अगं इकडे ये, गंमत बघ.”

हाक वरून आली. माडीवरून, आमच्या खोलीतून. आईच्या आवाजात, तिच्या त्या कौतुकाच्या सुरात.

“उए नि इरु,” अश्लेषा म्हणाली. आजी वर आहे. आणि जिन्याकडे निघाली. दोन पावलं गेल्यावर थांबली, वळली आणि उंबऱ्यावर बसलेल्या आजीकडे पाहिलं.

आईच्या एका पायात बूट होता, एक हातात. तिचे ओठ मिटलेले होते. तिने वर बघितलं नव्हतं. ज्याला आपलीच हाक ऐकू येते त्या माणसाचा चेहरा कसा होत असेल मला माहीत नाही, पण तसा तो होता.

“ऐकलंस?” मी विचारलं.

आईने नकारार्थी मान हलवली. फार पटकन हलवली.

सुशील आल्यावर मी त्याला सांगितलं. तो वर जाऊन सगळं बघून आला. “जुनं लाकडी घर आहे. शेजारचा टीव्ही असेल. कुठला आवाज कुठून येईल सांगता येत नाही.”

“टीव्हीवर अश्लेषा म्हणून हाक मारतात?”

“मग आईंचा फोन वाजला असेल. रेकॉर्डिंग वगैरे.”

फोन माझ्याच पर्समध्ये होता, सकाळपासून. हे मी त्याला सांगितलं नाही, कारण मग तो का माझ्याकडे आहे तेही सांगावं लागलं असतं.

५

जेवताना सुशील म्हणाला, “आई, विभामावशींना लावू का फोन? सकाळी अर्धवट राहिला.” त्याला डब्यातलं सगळं दिसलं होतं तर. माझे कान तापले. मी फोन काढून दिला.

आईचा चेहरा उजळला. तिने फोन समोर धरला आणि बोलायला लागली. बाग, दोर बांधलेली झाडं, चहाबरोबर दिलेला गोड पदार्थ, हातवारे करून सगळं सांगत होती.

“ताई,” विभामावशी म्हणाली, “तुझा आवाज येत नाहीये गं.”

सुशीलने फोन हातात घेऊन बघितला. “मावशी, माझा येतोय का?”

“तुझा येतोय की छान. तिचा माइक बंद आहे बघ.”

“एकाच फोनवरून बोलतोय मावशी,” सुशील हसत म्हणाला. मग त्याचं हसू गेलं. त्याने फोन परत आईसमोर धरला. आई बोलली.

“नाही येत,” विभामावशी म्हणाली.

मी आईच्या अगदी शेजारी बसले होते. ती काय म्हणाली ते मला कळलं होतं, ‘घसा बसलाय गं, थंडीनं.’ मला सगळं कळत होतं. बागेतलं कळलं होतं, चहाच्या दुकानातलं कळलं होतं. पण तिचे शब्द शेवटचे कानाने कधी ऐकले ते मी आठवायला लागले, आणि मला पडवीतलं ‘नाही गं मारली’ यापुढचं काही आठवेना. त्यानंतर मी तिच्या ओठांकडे बघून समजून घेत होते आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. दुपारभर मला ज्याचं बरं वाटत होतं, ते हे होतं.

“उद्या टोकियोला गेल्यावर डॉक्टरांना दाखवू,” सुशील म्हणाला.

आईने त्याला हाताने ‘काही नाही हो’ अशी खूण केली आणि माझ्या पानात भात वाढला.

६

रविवारी सकाळी सुशील नि अश्लेषा मासळीबाजार बघायला गेले. मी वर फुतोनच्या, जमिनीवर घालायच्या गाद्यांच्या, घड्या घालत होते. पाऊस थांबला होता आणि घरात स्वच्छ उजेड होता.

“नयनाऽ. अगं चहा गार होतोय.”

एवढा मोकळा आवाज मी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता. मिरजेत घुमायचा तसा, कुणाची भीड नसलेला. मला रडू आलं. आईचा घसा सुटला, असं वाटून मी कठड्याशी धावले आणि चौकात वाकून पाहिलं.

आई पडवीत बसली होती. हातात चहाचा कप. माझ्याकडेच बघत होती. तोंड मिटलेलं.

“नयनाऽ,” आवाज तिच्या मागच्या खोलीतून आला. “अगं ओ दे की.”

मी ओ दिली नाही. लहानपणी मिरजेतल्या बायकांकडून ऐकलेलं आठवलं, की माणूस दिसत नसेल तर हाकेला ओ देऊ नये. शिकलेली बाई मी, बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केलेली, पण ते आठवलं आणि जीभ टाळूला चिकटली. ते आईचं नसलं तर? आणि आईचंच असलं तर? दोन्ही विचार एकाच वेळी येत होते आणि भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं तेव्हा तिसराही आला. लोकांना ऐकू जात असेल, हा.

मी खाली गेले. आईला ओलांडून मागच्या खोलीत शिरले. अंथरुणं आवरलेली होती. आईची शाल, अश्लेषाचे पत्ते. समोर भिंतीत अंथरुणं ठेवायचं कपाट, त्याला कागदी सरकतं दार.

“नयनाऽ.”

दाराचा कागद थरथरला. हाक संपली तसा तो आत ओढला गेला, आणि मग हळूच सपाट झाला. बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, ओठांएवढ्या जागी, कागद ओला झालेला होता.

मी जवळ गेले. दाराच्या खाचेत बोटं घातली. आतून श्वास लागत होता, आणि त्याला आईच्या विड्याच्या बडीशेपेचा वास होता. ते दार मी सरकवलं असतं. मला वाटतं सरकवलं असतं.

खांद्यावर हात पडला. आई मागे उभी होती. तिने कपाटाकडे पाहिलं, मग बाजूच्या भिंतीकडे, जिच्यापलीकडे माणसं होती. आणि ओठांवर बोट ठेवलं.

अगदी मी ठेवते तसं.

७

निघायची वेळ झाली. सुशील आणि अश्लेषा बॅगा घेऊन आळीच्या तोंडाशी टॅक्सी बघायला पुढे गेले. टॅक्सी आत येत नव्हती. सकाळचं मी सुशीलला सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते? माझ्या आईचा आवाज कपाटात राहिलाय, हे वाक्य मी मनात जुळवून पाहिलं होतं आणि मलाच ते वेडसर वाटलं. पण आईला हात धरून बाहेर आणलं तेव्हा मला पक्कं माहीत होतं, की आम्ही अर्धीच आई घेऊन चाललो आहोत.

तानिगुची-सान किल्ली घ्यायला दारात आल्या होत्या. घर आवडलं का, पावसाने त्रास झाला का, नेहमीचं बोलणं. आई माझ्या शेजारी उभी होती, बूट घालून, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

तेव्हा आतून हाक आली.

“नयनाऽ. अगं थांब, मी राहिले.”

चौकातून, दोन खोल्या ओलांडून ती आली. पहिल्यांदाच त्या आवाजात घाई होती. लहान मुलं जत्रेत हात सुटल्यावर हाक मारतात, त्यातली घाई. भीती माझ्या अंगातून एकदम गेली. भूत असं हाक मारत नाही. ते माझं माणूस होतं, ते मागे राहत होतं, आणि त्याला माझ्यापर्यंत यायला फक्त एक ओ हवी होती. शेजारी आईने माझा हात घट्ट धरला. ती माझ्याकडे बघत होती. आता तिने ओठांवर बोट ठेवलं नाही. ती वाट बघत होती.

तानिगुची-साननी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. “आत अजून कुणी आहे का?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, जराशी अडचण होती, या देशात असते तेवढी. समोरच्या घराची खिडकी वीतभर सरकली. कुणीतरी बघत होतं.

“नयनाऽ.”

मी तोंड उघडलं. छाती भरून श्वास घेतला होता, ओ देण्याएवढा. कमरेत वाकले.

“सुमिमासेन,” मी माफी मागितली. “आमची माणसं जरा मोठ्याने बोलतात. फार त्रास झाला तुम्हाला.”

आत आवाज थांबला. पुढची हाक अर्ध्यावर सुरू झाली होती, ‘नय’ एवढं ऐकू आलं, आणि कुणी तोंडावर हात ठेवावा तशी बंद झाली. मी तशीच वाकून उभी राहिले. चौकात पागोळ्यांचं पाणी टपकत होतं, तेवढंच आता ऐकू येत होतं.

आईच्या हाताची पकड सुटली. मी मान वर केली तेव्हा ती पुढे सरकली होती. मी तिला ओजिमाला आरशासमोर उभं करून शिकवलं होतं तसं, हात मांड्यांवर ठेवून, पाठ सरळ ठेवून, ती तानिगुची-सानपुढे वाकली. ओठ हलले नाहीत. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत रागही नव्हता, पाणीही नव्हतं.

तानिगुची-साननी उलट नमस्कार केला. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

“किती शांत आहेत तुमच्या आई,” त्या म्हणाल्या.

मी त्यांचे आभार मानले.